अंशांवर जाऊ नका, ही सुरत आहे

मे महिना लागला की उधना, लिंबायत, दिंडोली भागातल्या मराठी घरांतून गाद्या गच्चीवर उन्हात पडायला लागतात. खानदेशातून पाहुणे यायचे असतात. यंत्रमागावर, डाईंग मिलमध्ये, रिंग रोडच्या साड्यांच्या दुकानांत पोटापाण्यासाठी आलेल्यांची ही घरं, आणि गावाकडच्यांना सुरत म्हणजे ताप्ती लाइनवरची एका रात्रीची वाट. पाहुण्यांचा मुक्काम चार-सहा दिवसांचा, पण त्यातले बरेचसे कुणाची वास्तुशांत, कुणाचा साखरपुडा, कुणाचं बाळ बघणं यात जातात. राहिलेल्या एका दिवसात सगळी सुरत उरकायची असते.

लग्न होऊन मी या शहरात आले त्याला आता बरीच वर्षं झाली. दर उन्हाळ्यात कुणाला ना कुणाला घेऊन फिरते. एका मे महिन्यात आमच्या सासूबाईंना गोपी तलावावरून थेट दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हापासून फिरण्याचं सगळं वेळापत्रकच बदललं. ते का आणि कसं, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

खानदेशी माणसाला ऊन नवं नाही, आणि घोळ तिथेच होतो. जळगाव-अमळनेरकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. सुरतेत तो बहुतेक दिवस ३६-३८ च्या आसपास असतो. त्यामुळे आलेला प्रत्येक पाहुणा हमखास म्हणतो, "तुमचं काय ते सदतीस! आमच्याकडे या एकदा." पण अंगातली उष्णता बाहेर जाते ती घाम वाळताना. खानदेशच्या कोरड्या हवेत तो फुटतो तसा वाळतो, दिसतसुद्धा नाही. सुरतेच्या एका बाजूला अरबी समुद्र आणि शहरातून वाहणारी तापी. मे महिन्यात हवा ओली असते. घाम निथळतो, पदर पाठीला चिकटतो, पण वाळत नाही. माठाचं तसंच आहे: अमळनेरला पाणी बर्फासारखं होतं, आमच्या दिंडोलीत तोच माठ नुसता ओला राहतो. अंगातलं पाणी जातं आणि बदल्यात गारवा मिळत नाही. हवामान खातंसुद्धा हा फरक धरतं. सपाट प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू होतो, किनारपट्टीवर ३७ पासूनच. म्हणून फोनवर तापमान बघताना खाली ‘जाणवणारं’ म्हणून जो आकडा येतो, तो आधी बघा.

आता त्या दिवसाचं. सासूबाई, नणंद, जावईबापू आणि भाचरं रात्रीच्या गाडीने पहाटे उधन्याला उतरली. गाडीत धड झोप नाही. आंघोळी, लोचो-खमणचा नाश्ता, गप्पा, यात दहा वाजून गेले. सासूबाईंनी आदल्या फेरीत रिंग रोडवरून घेतलेली जॉर्जेटची साडी मुद्दाम फिरायला म्हणून नेसली. आधी चौकातला किल्ला, मग मुगलीसरा, तिथून कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रज आणि डच कबरी, आणि दुपारी दोनच्या सुमाराला गोपी तलाव. वाटेत प्रत्येक ठिकाणी मी पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी ओठ ओले करून परत दिली. मुलांना मात्र सतत कोल्ड कोको, बर्फाचा गोळा चालू होतं.

तलावाच्या बाकावर त्या बसल्या आणि म्हणाल्या, "काही नही व्हयनं माले, जरासी बसस." त्यांची ही नेहमीची सवय, कधी तक्रार करायची नाही. थोड्या वेळाने त्यांनी भाच्याला हाक मारली ती त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावाने. नणंदेला वाटलं, गंमत करतात. दुसऱ्यांदाही तेच नाव आलं. हात धरला तर चटका बसेल असा गरम, डोळे एकीकडे लागलेले, "आई, कुठे आलोय आपण?" याला उत्तर नाही. सावलीत आडवं केलं, पोलक्याची बटणं सैल केली, दोन बाटल्या पाणी अंगावर ओतलं, जावईबापू पुठ्ठ्याने वारा घालत राहिले आणि १०८ ला फोन केला. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत?" रक्तदाबाची गोळी होती, तिच्यातच लघवी जास्त होण्याचं औषध मिसळलेलं. रात्रभर सलाईन लागलं, सकाळी त्यांनी भाच्याला त्याच्या नावाने हाक मारली. निभावलं. पण डॉक्टरांनी सांगितलेलं आणि पुढे इतक्या उन्हाळ्यांत पदरी पडलेलं असं सगळं मिळून जे शहाणपण आलं, ते असं:

पाणी का प्यायलं जात नाही, ते आधी शोधा. सासूबाई पाणी पीत नव्हत्या कारण त्यांना स्वच्छतागृहाची धास्ती होती. प्रवासाला निघालेल्या आपल्याकडच्या बहुतेक बायका हेच करतात. "पाणी प्या, पाणी प्या" असं शंभरदा म्हटल्याने काही होत नाही. ठिकाणं ठरवतानाच बरं स्वच्छतागृह कुठे आहे ते बघा आणि घरातून निघतानाच सांगा की अमुक ठिकाणी सोय आहे. सिटी लाईटवरचं सायन्स सेंटर, मोठे मॉल, पालचं मत्स्यालय इथे ती असते. एवढं कळलं की बाटली आपोआप रिकामी होते.

गोळ्यांचं निघण्याआधी विचारा. रक्तदाब, हृदय, मधुमेह यांची औषधं चालू असलेल्यांनी उन्हाळी प्रवासाआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं की काही बदल हवा का. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो सोबतच्या दोघांच्या तरी फोनमध्ये असू द्या. आम्हाला त्या दिवशी गावी फोन लावून नाव विचारावं लागलं होतं.

साडी सुरतेतून घ्या, फिरायला सुती नेसा. सुरत कृत्रिम धाग्याच्या कापडासाठी देशभर प्रसिद्ध आहे, आणि जॉर्जेट, पॉलिएस्टर दिसतं देखणं, पण घाम टिपत नाही. सुती साडी, सैल कुडता, डोक्यावर ओला पंचा हे बरं. खिशात कांदा ठेवायला माझी हरकत नाही, पण भरवसा त्याच्यावर ठेवू नका, कैरीच्या पन्ह्यावर ठेवा.

रात्रीच्या गाडीने उतरून त्याच दिवशी फिरायला निघू नका. न झोपलेलं शरीर ऊन सोसत नाही. पहिला दिवस घरात, पंख्याखाली, आमरस-पुरीवर काढा. आणि परतीच्या तिकिटावर सुरत लिहिलंय की उधना, हे आदल्या दिवशीच बघा. ऐन दुपारी सामान घेऊन एका स्टेशनवरून दुसऱ्यावर धावणारी कुटुंबं मी पाहिली आहेत.

दिवसाचे दोन तुकडे करा. उघड्यावरचं सगळं सकाळी साडेदहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. मधला वेळ छताखाली. मूळचे सुरती लोक तेच करतात, म्हणून तर हे शहर रात्री खाण्याच्या लाऱ्यांवर एवढं जागं असतं.

सकाळी लवकर कतारगाम दरवाजाच्या कबरी बघा. आपल्या माणसांना त्या दाखवायलाच हव्यात. तिथे जॉर्ज ऑक्झिंडेन आहे, १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले तेव्हाचा इंग्रज वखारीचा प्रमुख. मुघलांचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, तेव्हा हा वखार लढवत राहिला. त्याच घराण्यातला हेन्री ऑक्झिंडेन १६७४ मध्ये राज्याभिषेकाला रायगडावर हजर होता. पलीकडे डचांच्या कबरस्तानात व्हॅन रीडचा मोठा घुमट आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने करवून घेतला. तो १६९१ मध्ये वारला. हे सगळं कोवळ्या उन्हात निवांत बघण्यासारखं आहे. दुपारी एक वाजता मुलांना त्यातलं काही ऐकू येत नाही, ती फक्त सावली शोधतात.

चौकातला किल्ला १५४६ च्या सुमाराचा, गुजरातच्या सुलतानाच्या काळात खुदावंदखानाने बांधलेला. रायगड-प्रतापगड डोळ्यांसमोर ठेवून आलेल्या मुलांना तो लहान वाटतो. पण इनायतखान बसला होता तो हाच, एवढं सांगितलं की ती भिंतींकडे नीट बघायला लागतात. महापालिकेने त्याची डागडुजी करून आत संग्रहालय मांडलं आहे. त्याची वेळ बघून उघडल्या उघडल्या आत शिरा. मेट्रोच्या कामाने जुन्या शहरातले रस्ते वळवलेले असतात, रिक्षा लांब सोडू शकते. म्हातारं माणूस बरोबर असेल तर आधी विचारून घ्या. आणि पाहुण्यांनी मे महिन्यातच यायचा हट्ट धरला की मी हळूच सांगते, महाराज दोनदा सुरतेला आले, एकदा जानेवारीत, एकदा १६७० च्या ऑक्टोबरात. मे महिन्यात नाही.

दुपारसाठी सायन्स सेंटर उत्तम. त्याच आवारात सरदार पटेल संग्रहालय आहे, १८९० मध्ये विंचेस्टर म्युझियम म्हणून सुरू झालेलं. तारांगण आहे, हिऱ्यांचं आणि कापडाचं दालन आहे. मुलं तिथे तीन तास सहज रमतात. महापालिकेची अशी बहुतेक ठिकाणं सोमवारी बंद असतात आणि रिंग रोडची कापड मार्केटं रविवारी. रविवार-सोमवार धरून आलात तर दारं बंद दिसतील आणि तेवढी पायपीट उन्हात फुकट होईल.

डुमसला जायचं ते ऊन उतरल्यावरच. तिथली वाळू काळी, दुपारभर तापलेली; अनवाणी धावलेली मुलं रडत परत येतात. खंभातच्या आखाताजवळचा हा समुद्र ओहोटीला फार आत जातो आणि मागे चिखल उरतो. "पाणी दिसेपर्यंत चालू" असं म्हणून त्या चिखलात उतरू नका. भरती परत येते तेव्हा भराभर येते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर जास्तच. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, ती फोनवर बघून निघा. मग काठावर बसून टोमॅटोची भजी खा, त्यासाठीच सगळे जातात.

सरथाण्याचं प्राणिसंग्रहालय शहराच्या एका टोकाला, डुमस दुसऱ्या. दोन्ही एका दिवसात धरू नका.

खाण्याबद्दल. काशीचं मरण आणि सुरतेचं जेवण नशिबात असावं लागतं, अशी गुजरातीत म्हण आहे. पण लोच्यावर तेल, वर बटर, वर शेव आणि तिखट. तो खाऊन उन्हात निघालं की तहान भागता भागत नाही. लोचो, रसावाळा खमण, आलुपुरी हे सगळं संध्याकाळी. दिवसा ताक, कलिंगड, पन्हं, आणि लारीवर मिळाले तर ताडगोळे, इथे त्यांना गलेली म्हणतात. गोड कोल्ड कोको म्हणजे पाणी नाही. ओआरएसची पुडी सोबत ठेवा आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे.

आणि लक्षणं. डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, चक्कर, यातलं काही दिसलं की फिरणं तिथेच थांबवा: सावली, पंखा, घोट घोट मीठ-साखरेचं पाणी. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, नाव विसरला, चालताना झोक गेला, अंग भाजतं आहे, तर तो उष्माघात समजा. वाट बघू नका. १०८ लावा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, मानेवर, काखेत, जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते ठसक्याने श्वासनलिकेत जातं. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं धरून बसू नका. सासूबाई घामाने भिजलेल्या होत्या.

शेवटची गोष्ट यजमानांना. आपल्या घरातली म्हातारी माणसं "थकले" असं कधी म्हणत नाहीत. पैसे खर्च झालेत, मुलं खुश आहेत, आपल्यामुळे खोळंबा नको, असं त्यांना वाटत असतं. त्यांना "बरं वाटतंय ना?" असं विचारलंत तर उत्तर कायम "हो" असंच येणार. म्हणून विचारू नका, ठरवून टाका. अमुक वाजता घरी परतायचं, हे आदल्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर जाहीर करा, आणि यादीतली दोन ठिकाणं स्वतःच खोडा. वाईटपणा आला तर तुम्ही घ्या. पाहुणा चार दिवस नाराज राहील, आणि दिवाळीनंतर पोंक, म्हणजे आपला हुरडा, खायला पुन्हा येईल.