वंध्यत्वावरील इंजेक्शने : भीती सोडा, वेळ पाळा

वंध्यत्वावर शहरात उपचार सुरू झाले, तरी रोजची इंजेक्शने पुष्कळ भगिनी गावातल्या डॉक्टरांकडे किंवा घरीच घेतात. भीती वाटते ती सुईची. जपायचे असते ते मात्र वेळेला.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण ८ ते १२ दिवस ही इंजेक्शने चालतात. एरवी दर महिन्याला अनेक स्त्रीबीजे वाढू लागतात, पण बहुधा एकच पक्व होते. बाकीची विरून जातात. इंजेक्शनांमुळे त्यांपैकी काही तगतात. म्हणून ‘बीजे लवकर संपतील’ ही समजूत चुकीची आहे.

पोटावर टोचायचे इंजेक्शन बेंबीपासून दोन-तीन बोटे सोडून, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे घ्यावे. जागा चोळू नये. फ्रिजमधले औषध बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. प्रवासात थर्मासमध्ये नेताना बर्फाला थेट टेकू देऊ नये. गोठलेले औषध वापरू नये. एखादा डोस चुकला तर मनानेच दुप्पट न घेता केंद्राला फोन करावा.

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात बीज पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन फार महत्त्वाचे. त्यानंतर सुमारे ३४ ते ३६ तासांनी बीजे काढतात. तेव्हा रात्री ११ ची वेळ दिली असेल, तर गजर लावून ११ लाच घ्यावे.

पोट जड वाटणे, स्तन दुखरे होणे, डोके दुखणे, चिडचिड होणे हे त्रास सहसा तात्पुरते असतात. परंतु पोट झपाट्याने फुगणे, दिवसात किलोभर वजन वाढणे, सतत उलट्या, लघवी कमी होणे, धाप लागणे किंवा पाय एकाएकी सुजणे ही धोक्याची लक्षणे आहेत. शेवटच्या इंजेक्शननंतरही ती उद्भवतात. सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मूल न होण्याचे कारण अनेकदा पतीत असते, तरी सुया पत्नीच सोसते. औषध आणणे, वेळ सांभाळणे, सोबत जाणे एवढे तरी पतीने करावे. सासूबाईंनीही ‘काही कळलं का?’ असे रोज विचारू नये. पहिल्या खेपेस यश आले नाही, तर तो सुनेचा दोष नव्हे.