आरतीची शिस्त आणि संगणकातील धागे

काशीच्या दशाश्वमेध घाटावर तिन्हीसांजेला गंगेची आरती होते. ओळीने मांडलेल्या चौक्यांवर बहुधा सात अर्चक उभे असतात. प्रत्येकाचे हात स्वतंत्र, तरीही सर्वांची धूपारती पूर्ण झाल्याखेरीज कोणी दीप उचलीत नाही.

संगणकाच्या एकाच आज्ञावलीत एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या ओघांना ‘थ्रेड’, म्हणजे धागे, म्हणतात. आरतीत दिसते ती त्यांच्या समन्वयाची ‘बॅरिअर’ ही पद्धत होय. दिवसअखेरची व्याजआकारणी अनेक धाग्यांत वाटून दिली, तर शेवटचा धागा काम संपवीपर्यंत एकूण ताळा घेता येत नाही. घेतल्यास तो चुकणारच.

मात्र खातेदाराच्या दृष्टीने खरा धोका निराळाच आहे. पतिपत्नींच्या संयुक्त खात्यात १०,००० रुपये आहेत, असे समजू. पती एटीएममधून ४,००० काढतो. त्याच क्षणी पत्नी शाखेत ३,००० भरते. दोन्ही धागे शिल्लक १०,००० अशीच वाचतात. पहिला ६,००० लिहितो, दुसरा त्यावर १३,००० लिहितो. खरी शिल्लक ९,००० असताना ४,००० रुपयांची उचल नोंदीतून पुसली जाते! लेखनाचा क्रम उलटला, तर शिल्लक ६,००० राहते आणि खातेदाराचे ३,००० बुडतात. आज्ञावलीतील प्रत्येक ओळ बिनचूक असूनही हे घडते, आणि चाचणीत सहसा सापडत नाही.

यावर उपाय ‘लॉक’, अर्थात कुलूप. एक धागा शिल्लक वाचून, बदलून, लिहून होईपर्यंत दुसऱ्याने थांबावयाचे. अशा परस्पर-वर्जनाची मूलभूत मांडणी डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये केली. त्यांचाच ‘सेमाफोर’ ठरावीक संख्येपर्यंत प्रवेश देतो. घाटाला पाच नावांची जागा असेल, तर सहावीने प्रवाहात थांबावे, तसे. कुलूप मात्र बेताचे असावे. एका खात्यासाठी सारी खातेवही बंद केली, तर हिशेब सुरक्षित राहील, पण खिडकीपुढची रांग हलणार नाही.

कुलपांतूनही एक पेच उद्भवतो. एक धागा ‘अ’ खात्यातून ‘ब’ खात्यात रक्कम पाठवितो, दुसरा ‘ब’मधून ‘अ’मध्ये. पहिल्याने ‘अ’ला कुलूप लावले, दुसऱ्याने ‘ब’ला, आता दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतात. याला ‘डेडलॉक’ म्हणतात. उपाय साधा आहे: रक्कम कोणत्याही दिशेने जावो, लहान क्रमांकाच्या खात्याला कुलूप आधी लावावयाचे. मग दुसरा धागा पहिल्याच दाराशी थांबतो, आणि पहिल्याची वाट मोकळी राहते.