शनिवारची एसटी जरा सोड

अगं, करमत नाही म्हणून फोनवर रडलीस, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चंदगडहून शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला यायचं म्हणजे सोपं का आहे? 853 एकरांचा परिसर, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना पाय दुखतात. ताटात तिखट एवढं, की पहिला घास घेतला की पाण्याचा तांब्या शोधावा लागतो. आणि ज्या मुली तुला बिनधास्त वाटतात ना, त्यांच्यातल्याही कितीतरी जणी रात्री कोपरा गाठून आईशी बोलत असतात. विचारून बघ एकीला.

पण माझं एक ऐक. दर शनिवारी पिशवी भरून मध्यवर्ती बसस्थानक गाठतेस, ते सोड. मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय, जाणं परवडतं, सगळं खरं. तरी मैत्री जुळते ती सुट्टीच्या दिवशीच. आठवडाभर लेक्चर, प्रॅक्टिकल, जर्नल यातच जीव जातो. शनिवारी संध्याकाळी कुणीतरी म्हणतं, "चला गं, रंकाळ्यावर जाऊ," आणि तेव्हा तू गडहिंग्लजच्या पुढं पोचलेली असतेस. सोमवारी परत येतेस ती पाहुणीसारखी. महिन्यातून एकदा जा. आईला काय सांगायचं ते मी बघते.

"हे गाव आपलं नाही," असं म्हणालीस, ते मात्र मला लागलं. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात, ते उगीच नाही. शिकायला आलेल्या पोरांना राहायला जागा नाही म्हणून शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, मग मुस्लिम, लिंगायत, अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. 1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग झालं, ज्यांना गाव शिवून घेत नव्हतं त्या मुलांसाठी. या शहराला परगावच्या लेकरांना सांभाळायची शंभर वर्षांहून जुनी सवय आहे.

आणि मुलींचं म्हणशील, तर इंदुमती राणीसाहेबांची गोष्ट मला फार जवळची वाटते. 1918 मध्ये महाराजांचे धाकटे चिरंजीव शिकारीच्या अपघातात गेले, सून अगदी कोवळ्या वयात विधवा झाली. महाराजांनी तिला वाड्याच्या कोपऱ्यात बसू दिलं नाही. घरातला विरोध पत्करून सोनतळीला तिच्या शिक्षणाची सोय केली, आणि सोबतीला आणखी मुली ठेवल्या. ही सोबतीची गोष्ट मला मोठी वाटते. एकटीनं शिकणं जड जातं, हे राजालाही कळत होतं.

म्हणून तूही एक सोबतीण शोध. सगळ्या वर्गाशी गट्टी जमायची गरज नाही, एक पुरे. सरांचं इंग्रजी डोक्यावरून जातं म्हणतेस ना, मग लेक्चर संपल्या संपल्या तिच्या वहीशी आपली वही ताडून बघ. जो शब्द दोघींनाही कळला नाही, तो घेऊन दोघी मिळून सरांच्या केबिनमध्ये जा. एकटीला दारातूनच परत फिरावंसं वाटतं, दोघी असल्या की तोंड उघडतं. आणि तुझ्या चंदगडी हेलाबद्दल कुणी हसलं, तर हसू दे. तो हेल तू तिथल्या मातीतून आणलायस, प्रश्न विचारताना तो बदलायचा नाही.

संध्याकाळी खोलीत बसून अभ्यास होत नसेल, तर बॅरिस्टर खर्डेकर ग्रंथालयात जात जा. तिथं नुसतं बसलं तरी आजूबाजूची वाचणारी माणसं बघून आपलीही वही उघडते. जेवण झेपत नसेल, तर मेसच्या मावशींना सरळ सांग, "मावशी, मला जरा कमी तिखट वाढा." उपाशी झोपत जाऊ नकोस, हे मात्र बजावून सांगते.

शिष्यवृत्तीचं काम या आठवड्यात हातावेगळं कर. तू कुठल्या योजनेत बसतेस ते विद्यापीठाच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचार, मैत्रिणीच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. महाडीबीटीवर अर्ज भरण्याआधी बँक खातं आधारला जोडलंय का ते बघ, नाहीतर मंजूर झालेले पैसेही अडकून पडतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागेल. बाबांना आजच फोन कर, सोमवारी त्यांना चंदगडला सेतू केंद्रात जायला सांग, आणि दाखला हातात आला की त्याचा फोटो मला पाठव. नाव आणि स्पेलिंग आधारप्रमाणे आहे की नाही, ते आपण दोघी मिळून तपासू.