‘मर्दपणा’ची समजूत व प्राथमिक शिक्षक

पाठ्यक्रमात नमूद केलेले असते तेवढेच मूल शाळेत शिकते असे नाही. वर्ग झाडावयाचा तो मुलींनी व बाके उचलावयाची ती मुलांनी, पाहुणे आले की चहा मुलींनी द्यावयाचा व आभार मुलाने मानावयाचे, पडून गुडघा फुटलेल्या मुलास “मुलीसारखा रडतोस काय?” असे विचारावयाचे. हे पाठ कोणत्याही पुस्तकात छापलेले नाहीत. तथापि ते नित्य दिले जातात व छापील पाठांहून अधिक काळ टिकतात. मुलींवर होणाऱ्या अन्यायाची चर्चा शिक्षकांच्या बैठकीत पुष्कळदा होते. प्रस्तुत लेखात मुख्यतः मुलग्यावर लादल्या जाणाऱ्या साच्याचा विचार केला आहे. कारण एक साचा कायम ठेवून दुसरा मोडता येत नाही.

१. निसर्ग कोणता व रूढी कोणती?

स्त्री-पुरुषांच्या शरीररचनेतील भेद निसर्गाने केलेला आहे. कामांची वाटणी मात्र समाजाने केलेली आहे. ह्याचा पुरावा गावातच मिळतो. घरातील स्वयंपाक बाईचा, परंतु लग्नाच्या पंगतीचा आचारी बहुधा पुरुष. घरातील फाटके शिवणे बाईचे, परंतु बाजारपेठेतील शिंपी बहुधा पुरुष. म्हणजे तेच काम पैसे घेऊन चारचौघांत केले तर पुरुषत्वास बाध येत नाही. घरात विनामोबदला केले तरच येतो. सन २०१९ मध्ये केंद्र सरकारने वेळेच्या विनियोगाची देशव्यापी पाहणी केली. सहा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींपैकी घरकामात दररोज भाग घेणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१.२ व पुरुष शेकडा २६.१ आढळले. ही वाटणी मूल पाहात असते व तीच रीत म्हणून स्वीकारते.

२. साच्याची किंमत

मुलग्यास लहानपणापासून तीन गोष्टी बजावल्या जातात : रडू नये, भिऊ नये, कोणापुढे हात पसरू नये. धैर्य हा सद्गुणच होय; परंतु भीती व दुःख लपविणे म्हणजे धैर्य नव्हे. ज्यास लहानपणी रडण्याची मुभा नव्हती, त्यास मोठेपणी कर्ज, नापिकी किंवा आजार ह्यांचे ओझे कोणाजवळ बोलून दाखविणे जड जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार सन २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांतील दर शंभरात सुमारे ७२ पुरुष होते. ह्या मृत्यूंची कारणे अनेक आहेत, व सर्व दोष एका समजुतीवर टाकणे बरोबर होणार नाही. तथापि मदत मागणे हा कमीपणा आहे असे मानणाऱ्या माणसाने सुटकेचे एक दार आपल्याच हाताने लावून घेतलेले असते, एवढे निश्चित. त्या दाराची कडी पहिली-दुसरीच्या वर्गातच बसविली जाते.

३. रंगभूमी, चित्रपट व जाहिरात

लोकरंजनाची साधने हे साचे पक्के करतात, आणि क्वचित ते उघडेही पाडतात. सन १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. जे दुर्गुण स्त्रियांचे म्हणून सांगितले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. आणि तत्कालीन नाटके व कादंबऱ्या ह्यांतील स्त्रीचित्रणाचाही त्यांनी समाचार घेतला.

पुढे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८–१९६७), ह्यांनी ‘मानापमाना’तील भामिनी व ‘एकच प्याल्या’तील सिंधू ह्या भूमिका गाजविल्या. प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रियांनी त्यांच्या नेसण्याचे व केशरचनेचे अनुकरण केले. ‘स्त्रीसुलभ’ म्हणून जे समजले जाते ते अभ्यासाने आत्मसात करता येते, हे त्यावरून दिसते. परंतु ज्या समाजाने बालगंधर्वांस डोक्यावर घेतले, त्यानेच तमाशापटांत ‘नाच्या’ रंगविणाऱ्या गणपत पाटील ह्यांची हेटाळणी केली. पाटील हे संसारी गृहस्थ होते. तरी पडद्यावरील भूमिका लोकांनी खरी मानली, व त्याचा उपसर्ग त्यांच्या कुटुंबासही पोहोचला. आनंद यादव ह्यांच्या कादंबरीवरून सन २०१० मध्ये आलेल्या ‘नटरंग’ चित्रपटाचा विषय हाच आहे. पिळदार शरीराचा मजूर गुणा कलेसाठी नाच्या होतो, आणि गाव त्याच्या पुरुषत्वावरच शंका घेते.

चित्रपटांतील दुसरा साचा अधिक घातक आहे. नायिका नकार देत असता नायक तिचा पाठलाग करतो, व शेवटी ती त्याची होते. पडद्यावर ज्यास प्रेम म्हणतात त्यास कायदा गुन्हा म्हणतो. स्त्रीने स्पष्ट नापसंती दर्शविली असतानाही तिचा वारंवार पाठलाग करणे सन २०१३ पासून दंडनीय ठरले असून, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये ती तरतूद आहे. सातवीतील मुलास ही गोष्ट ठाऊक असणे अगत्याचे आहे. जाहिरातींच्या बाबतीतही भारतीय जाहिरात मानक परिषदेने सन २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या हानिकारक साचेबंद चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत.

४. आपल्या परंपरेतील आधार

हा विचार परका आहे, असा आक्षेप एखादा पालक घेईल. त्याचे उत्तर वारकरी परंपरेत आहे. महाराष्ट्राने ज्ञानेश्वरांस ‘माउली’ म्हटले व पंढरीच्या विठ्ठलास ‘विठाई’ म्हटले. ह्यात कोणास कमीपणा वाटला नाही. जनाबाईस दळू लागणारा विठ्ठल घरोघरी ठाऊक आहे. देवाने जात्याचा खुंटा धरला तर मुलाने केरसुणी धरण्यास हरकत कोणती? बालभारतीच्या सन २०१९ च्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकातही स्त्री व पुरुष मिळून भाजी निवडीत असल्याचे व स्त्री डॉक्टर असल्याचे चित्र देण्यात आले होते.

५. नमुना पाठ (इयत्ता ५ वी ते ७ वी, एक तासिका)

उद्देश : कामे व गुण ह्यांवर मुलगा-मुलगी असा शिक्का नसतो, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून काढावे.

साहित्य : फळा, खडू, जुन्या वर्तमानपत्रांतील जाहिरातींची कात्रणे.

(अ) फळ्यावर ‘मुलगे’, ‘मुली’ व ‘दोघेही’ असे तीन रकाने आखावे. पाणी भरणे, धार काढणे, भाकरी करणे, हिशेब ठेवणे, रडणे, धीर देणे, रागावणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे हे शब्द एकेक उच्चारून विद्यार्थ्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहावे. ह्या टप्प्यावर दुरुस्ती करू नये.

(आ) “ह्याच्या उलट करणारे कोणी तुम्ही पाहिले आहे काय?” असे विचारावे. आचारी, शिंपी, नांगर धरणारी बाई, आजीची सेवा करणारा मुलगा अशी उदाहरणे वर्गातूनच निघतात. शब्द एकेक करून तिसऱ्या रकान्यात जाऊ लागतात.

(इ) कात्रणे गटागटांत वाटावी. मोटारसायकलच्या जाहिरातीत कोण आहे, मसाल्याच्या जाहिरातीत कोण आहे, आणि आपल्या घरी तसेच आहे काय, ह्याची नोंद गटांनी करावी.

(ई) स्वाध्याय : घरातील प्रत्येक व्यक्तीने एका दिवसात केलेल्या कामांचा तक्ता करावा व आपण आणखी कोणते एक काम करू ते लिहावे.

६. सावधगिरी

पहिली गोष्ट, तक्त्यावरून कोणाच्याही वडिलांची निंदा वर्गात होऊ देऊ नये. दुसरी, कुस्ती, कबड्डी वा अंगमेहनत ह्यांचे महत्त्व कमी लेखू नये. बळ वाईट नाही, बळाचा धाक वाईट आहे. तिसरी व सर्वांत महत्त्वाची : मृदू बोलणाऱ्या, नाच किंवा रांगोळी आवडणाऱ्या मुलास ‘बायल्या’ म्हणून चिडविले जाते. शिक्षकाने ते हसण्यावारी नेल्यास चिडविणाऱ्यांस परवानगीच मिळते, आणि असा मुलगा हळूहळू शाळा टाळू लागतो. ते त्याच क्षणी, शांतपणे पण निश्चयाने थांबवावे. एखादा विद्यार्थी वा पालक फार खचलेला दिसल्यास त्याचे ऐकून घ्यावे व ‘टेली-मानस’ ह्या शासकीय सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक द्यावा.

ह्या कामास अनुदान लागत नाही. झाडण्याच्या व पाणी भरण्याच्या पाळ्या हजेरीपटाच्या क्रमाने लावणे, परिपाठात आभार मानण्याची संधी मुलींस व चहा देण्याची मुलांस देणे, आणि रडणाऱ्या मुलास “काय झाले?” एवढेच विचारणे, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. ज्या मुलास सातव्या वर्षी हा प्रश्न ऐकावयास मिळाला, त्यास चाळिसाव्या वर्षी त्याचे उत्तर देणे कठीण जाणार नाही.