गाडी खाली घेतलीत? आधी टो बघा

कोल्हापुरात हायवेलगत माझं टायरचं दुकान आहे. लोअर केलेल्या स्विफ्ट, सिटी, पोलो अलाइनमेंटच्या मशीनवर कायम येत असतात. या हौसेला माझा विरोध नाही. बेताने खाली घेतलेली आणि नीट मोजून बांधलेली गाडी चालवायला सुरेख लागते. पण स्प्रिंगवर सढळ हाताने खर्च करायचा आणि मोजमापाच्या वेळी हात आखडायचा, यात चांगले टायर फुकट जातात. ते मला बघवत नाही, म्हणून हे चार शब्द.

१. टायर खातो तो बहुतेक वेळा टो, कॅम्बर नव्हे.

टायरची आतली कड झिजली की सगळे कॅम्बरला बोल लावतात. चाक वरून आत झुकलेलं डोळ्यांना दिसतं, टो मात्र मशीनशिवाय दिसत नाही. गाडी खाली बसली की लोअर आर्म आणि टाय रॉड दोघांचाही कोन बदलतो. दोघांची लांबी वेगळी असल्याने चाक थोडं वळतं, आणि तोच टोमधला फरक. तो आत जाईल की बाहेर, हे गाडीगणिक वेगळं. हिशेब करून बघा. अंशाच्या साठाव्या भागाला मिनिट म्हणतात. एका चाकाचा टो अवघ्या १० मिनिटांनी चुकला, तर ते चाक दर किलोमीटरला जवळजवळ तीन मीटर आडवं घासतं. पुण्याला पोचेपर्यंत ही फरफट साडेसहाशे मीटरच्या पुढे जाते. याउलट टो बरोबर असेल, तर एक-सव्वा अंश निगेटिव्ह कॅम्बरवर टायर बऱ्यापैकी सारखा झिजतो. आणि टो बाहेर असताना जोडीला निगेटिव्ह कॅम्बर असेल, तर आतली कड बघता बघता तारेपर्यंत जाते.

२. मशीनवर चढवण्याआधी खालचं सामान बघा.

बॉल जॉइंट, टाय रॉडचे एंड, लोअर आर्मचे बुश, टायरमधली हवा. यात काही ढिलं असेल तर कागदावरचे आकडे दुकानाच्या दारापर्यंतही टिकत नाहीत.

बुशबद्दल जरा जास्त सांगतो, कारण ही गोष्ट फार जण सोडून देतात. नवे स्प्रिंग बसवताना गाडी जॅकवर असते आणि चाकं लोंबकळत असतात. लोअर आर्मचे बोल्ट सोडले असतील आणि ते तशाच स्थितीत आवळले, तर गाडी खाली टेकताच बुशचं रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. लवकर फाटतं, आणि तोवर गाडीही खरी बसत नाही. शेवटचा ताण गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच द्यायचा.

३. क्रम मोडू नका.

आधी मागची चाकं, मग पुढचा कॅम्बर, शेवटी टो. कॅम्बर हलवला की टो हलतोच. उलट्या क्रमाने केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

४. कंपनीने कॅम्बरची सोय दिली नसेल, तरी मार्ग आहे.

स्विफ्टसारख्या गाडीत पुढे सहसा फक्त टो हलवता येतो. पण शॉकअप नकलला दोन बोल्टनी धरलेला असतो आणि भोकांत किंचित फट असते. बोल्ट सैल करून चाक वरून बाहेर ओढत आवळलं, तरी थोडा फरक मिळतो. तेवढ्याने भागत नसेल तर कॅम्बर बोल्ट घ्या. तो मधोमध गोल नसतो, फिरवला की चाकाचा झुकाव बदलतो आणि साधारण दीड अंशापर्यंत हात देतो. मूळ बोल्टपेक्षा तो बारीक असतो, म्हणून एअर गन नको. बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कवर टॉर्कच्या पान्यानेच आवळा. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक ठेवू नका. चाक ज्या बाजूला वरून जास्त बाहेर झुकलेलं असेल, त्या बाजूला गाडी ओढते.

५. मागे टॉर्शन बीम असेल तर गाडी खाली घेतल्याने तिथला कॅम्बर फारसा हलत नाही. तरी मोजा. आकडे वेडेवाकडे निघाले तर बीम वाकला असण्याची शंका घ्या.

६. टाय रॉड दोन्ही बाजूंनी सारखा फिरवायचा. एकाच बाजूला फिरवून टो जुळवणारे आहेत. त्यात आकडे हिरवे दिसतात आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहतं.

७. किती खाली घ्यायची, याला हद्द आहे.

पंचवीस-तीस मिलिमीटरवर मी समाधानी असतो. त्याहून फार खाली गेलं की लोअर आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर जातं. मग वळणावर चाकाला हवा तो झुकाव मिळत नाही, रोल सेंटर खाली घसरतं आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलू पाहते. दिसायला रेसची, वळायला कंपनीच्या गाडीहून वाईट. शिवाय आपले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असं आहे, पण गावागावांत उभे केलेले उंचवटे ते पाळत नाहीत.

८. नवे स्प्रिंग काही दिवसांत आणखी थोडे बसतात. चार-पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजून घ्या. मधल्या काळात स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवत जा. एका दिशेने हात गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागला, तर टो चुकलाय.

आणि दुकानातून निघताना आधीचे व नंतरचे असे दोन्ही आकडे असलेला छापील रिपोर्ट मागून घ्या. तो देत नसतील, तर दुसऱ्या दुकानात जा.