लक्षण सांग, पार्टचं नाव सांगू नकोस

पोरी, नोकरीसाठी साताऱ्याहून थेट जयपूरला आलीस, आमच्या सी-स्कीममध्येच खोली घेतलीस आणि आता जुनी का होईना, स्वतःची पेट्रोल गाडी दारात उभी केलीस. मामा म्हणून मला फार आनंद झाला. माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना शिकवण्यात गेली. त्या पोरांना जे घोकून घ्यायला लावायचो, त्यातलं तुझ्या उपयोगाचं तेवढं इथं लिहून देतो. गाडीच्या पुस्तिकेत हे सापडणार नाही, कारण पुस्तिका कंपनीच्या भाषेत असते आणि गॅरेजमध्ये मिस्त्रीची भाषा चालते.

पहिला कानमंत्र हा की गॅरेजमध्ये गेल्यावर पार्टचं नाव आपण घ्यायचं नाही. “डायनामो गेलाय वाटतं” म्हणालीस की डायनामो बदलला जातो, बिल होतं आणि खरा दोष गाडीतच राहतो. त्याऐवजी काय होतं ते सांग. सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवली की नुसतं टक् वाजतं. एसी लावला की हेडलाइट मंदावतात. साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. केव्हा होतं, गार इंजिनला की गरम, आवाज पुढून येतो की मागून, हे सांगितलंस तर चांगला मिस्त्री अर्धं काम तिथंच ओळखतो. आणि पार्ट बदलायचा ठरलाच, तर जुना पार्ट हातात मागायचा. यात संकोच धरू नकोस, तो तुझ्या पैशाचा आहे.

इथले मिस्त्री म्हणतील, “सेल्फ नहीं उठा रहा.” सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर, बॅटरीच्या जोरावर इंजिनाला पहिला धक्का देणारी. “मिसिंग कर रही है” म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. तुझ्या गाडीला तीनच सिलिंडर आहेत, त्यामुळे एकाने काम सोडलं तरी सगळी गाडी हलते. कारण प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल. स्वस्तातलं आधी तपासायचं, म्हणजे प्लग. आणि ज्याला सगळे डायनामो म्हणतात तो आजच्या गाडीत अल्टरनेटर असतो. जुना डायनामो सरळ डीसी वीज द्यायचा आणि इंजिन मंद असलं की त्याचा जीव जायचा. अल्टरनेटर एसी वीज तयार करतो, आतले डायोड तिची डीसी करतात, आणि सिग्नलला उभ्या गाडीतही तो बऱ्यापैकी चार्जिंग देतो. मिस्त्रीला हे सुधारून सांगायला जाऊ नकोस. तू फक्त समजून ठेव.

आता बॅटरी. हिच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण रस्त्यात अडकवणाऱ्या दुखण्यांत हिचा नंबर पहिला, आणि हिच्याबद्दलच लोकांना सगळ्यात कमी माहीत असतं.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आण. टाकी किती उंचावर आहे ते व्होल्ट, नळातून पाणी किती जोरात वाहतंय ते अँपिअर, आणि टाकीत एकूण किती मावतं ते अँपिअर-अवर. तुझ्या बॅटरीवर १२ व्होल्ट, ३५ एएच लिहिलंय. आत सहा कप्पे आहेत, प्रत्येकाचे २.१ व्होल्ट धरले की पूर्ण भरलेल्या बॅटरीचे १२.६ होतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर मल्टिमीटर लावून १२.६ दिसले तर उत्तम, १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, आणि १२ च्या आसपास असेल तर जवळजवळ रिकामी. नाव बारा व्होल्टचं, म्हणून बारा दिसले की लोक समाधान मानतात. ते समाधान खोटं आहे.

हा एकच आकडा पुरत नाही. सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर लागतात, आणि म्हातारी बॅटरी उभ्या उभ्या १२.५ दाखवून ऐन वेळी बसते. म्हणून कुणाला तरी किल्ली फिरवायला सांग आणि तेव्हा मीटर बघ. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली. मग इंजिन चालू ठेवून पुन्हा बघ. साधारण १३.८ ते १४.५ हवेत. बाराच्याच घरात राहिले तर चार्जिंग होत नाही. दोष अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्यात, अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या रेग्युलेटरमध्ये. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर गेला, आणि तो बॅटरीचं पाणी उकळवून टाकील. तीन आकडे, पाच मिनिटं, आणि काही शे रुपयांचं मीटर. एवढ्यावर तू कुठल्याही गॅरेजमध्ये ताठ मानेने बोलू शकतेस.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते ना, तिच्यापायी चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ती धुवायची, कोरडं करून टर्मिनल घट्ट आवळायचे, वरून व्हॅसलीन. तसंच ‘अर्थ’ बघायचा. बॅटरीची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते आणि सगळ्या दिव्यांची परतीची वाट त्या पत्र्यातूनच आहे. ती जोडणी गंजली की ब्रेक मारल्यावर इंडिकेटर मिणमिणतो, अशी विचित्र दुखणी सुरू होतात. एकाच वेळी दोन-तीन विजेच्या तक्रारी दिसल्या की आधी अर्थ साफ करायला सांग.

राजस्थानच्या हवेचं एक लक्षात ठेव. लोक म्हणतात थंडीने बॅटरी गेली. खरं तर ती मे-जूनमध्येच जाते. पारा पंचेचाळिशीकडे गेला की आतल्या जाळ्या गंजतात, पाणी उडतं. जानेवारीच्या गारठ्यात ऑइल दाटतं, बॅटरीचा जोरही घटतो, आणि उन्हाळ्यात झालेलं नुकसान तेव्हा उघडं पडतं. म्हणून नवी घेताना सीसीएच्या, म्हणजे थंडीत सेल्फ मारायच्या ताकदीच्या, आकड्यावर भाळू नकोस. तो उणे १८ अंशांवर मोजलेला असतो आणि तशी थंडी जयपुरात पडत नाही. एएच तुझ्या गाडीला सांगितला तेवढा आहे ना आणि बॅटरी ताजी आहे ना, म्हणजे बनल्याची तारीख, एवढं बघ. गाडी सावलीत लाव. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच. बोअरचं जड पाणी बॅटरीत नको आणि रेडिएटरमध्येही नको, तिथं कुलंट.

तुझं ऑफिस स्टॅच्यू सर्कलजवळ, घर इथं. जाणंयेणं दहा-दहा मिनिटांचं. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर थोडी वीज खात असतात. पन्नास मिलीअँपिअरपर्यंतची ही गळती ठीक मानतात. पण हिशेब कर: ३५ एएचला ०.०५ ने भागलं की ७०० तास, म्हणजे एकोणतीस दिवसांत भरलेली बॅटरी रिकामी. सेल्फ उचलणं तर त्याच्या कितीतरी आधी बंद होतं. दिवाळीला साताऱ्याला तीन आठवडे जाऊन आलीस की गाडी रुसणार हे त्यामुळे ठरलेलं. जाताना काळी वायर काढून ठेव. आणि एरवी आठवड्यातून एकदा अजमेर रोडने किंवा आमेरच्या बाजूने तासभर चालवून आण.

वायर काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी. उलट केलंस आणि पाना चुकून पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट होतं, ठिणगी उडते, हात भाजतो. दुसऱ्या गाडीवरून जंप देताना लाल केबल आधी बंद बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो, म्हणून लांब.

फ्यूजबद्दल मी कडक आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार बांधायची नाही, मोठा फ्यूज घालायचा नाही. लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जो रंग उडाला तोच घालायचा, आणि तो पुन्हा उडाला तर वायरिंग तपासून घ्यायचं. फ्यूज उडतो तो वायर वाचावी म्हणून. हे न पाळल्यामुळे गाड्या जळतात.

त्याच हिशेबाने दिव्यांचा विचार कर. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट. तुझ्या हेडलाइटचा बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे अप्परला बारा व्होल्टवर पाच अँपिअर, दोन्ही दिवे मिळून दहा. कुणी हौसेने १०० वॅटचे घालून दिले की तेच सोळा-सतरा होतात. वायर आणि स्विच तेवढ्यासाठी बनलेलेच नाहीत, होल्डर वितळतो. जास्तीचं काही लावायचंच असेल तर रिले लावून. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, त्यामुळे आतल्या बटणावर भार येत नाही. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणारे दिवे मात्र रिले असो नसो, लावायचे नाहीत.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखव, लाल म्हणजे आत्ता थांब. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर दोनशे मीटरसुद्धा पुढे न्यायची नाही, तिथंच बंद करायची. बॅटरीचा लाल दिवा लागला तर तापमानाकडेही बघ. पुष्कळ इंजिनांत एकाच पट्ट्यावर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरतात. पट्टा तुटला की चार्जिंगबरोबर इंजिनाचं गार होणंही थांबतं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नकोस. आत दाबाखाली पाणी असतं, तोंडावर येतं.

टायरवर १६५/८० आर १४ ८५ टी असं असेल. रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १४ इंच, ८५ हा भाराचा क्रमांक म्हणजे ५१५ किलो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरची मर्यादा. यापेक्षा उपयोगाचे आहेत बाजूला छापलेले चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी घेताना रबराची नक्षी चांगली दिसली तरी हे वाचायचं, आणि स्टेपनीवरचंही. हवा सकाळी टायर गार असताना तपासायची.

वेगाबरोबर वाढणारी घुमघुम ऐकू आली आणि वळणावर ती कमी-जास्त झाली तर चाकाचं बेअरिंग. या शहरात ते पार्ट मिळायची अडचण नाही; एनबीसी बेअरिंग बनवणारी नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज १९४६ साली जयपुरातच उभी राहिली. खड्ड्यातून जाताना खटखट आली तर शॉकअपच बदलायला हवं असं नाही, लिंक रॉड किंवा बुश असू शकतो, आणि ते कितीतरी स्वस्त.

जाहिरातीतले शब्द थोडक्यात. टॉर्क म्हणजे ओढ, पॉवर म्हणजे ती ओढ किती वेगाने काम करते ते. नाहरगडच्या चढावर टॉर्क लागतो. मायलेजचा छापील आकडा एआरएआय या पुण्याच्या संस्थेत प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीत मिळतो. अहिंसा सर्कलच्या संध्याकाळच्या गर्दीत तो मिळणार नाही, म्हणून गाडीत दोष आहे असं समजू नकोस. पुढची गाडी विजेची घेशील तेव्हा किलोवॅट आणि किलोवॅट-अवर यांत गल्लत करू नकोस. पहिली ताकद, दुसरा साठा. एक किलोवॅट-अवर म्हणजे घरच्या मीटरचं एक युनिट. तीस किलोवॅट-अवरची बॅटरी घरच्या ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर भरायला नऊ-दहा तास, आणि तीस युनिटांहून थोडं जास्त बिल. त्यासाठी १५-१६ अँपिअरचं वेगळं सॉकेट आणि नीट अर्थिंग लागतं, एक्स्टेन्शन बोर्ड नाही.

येत्या रविवारी बोनेट उघड आणि ते तीन आकडे घे: गाडी बंद असताना, सेल्फ मारताना, इंजिन चालू असताना. तारखेसह डायरीत लिही, दर तीन महिन्यांनी पुन्हा घे, आणि पहिले तीन मला फोनवर सांग.