किक बसते, पण गाडी सुरू होत नाही



ऊस विकास विभागाच्या या पानावर बेणे, खते, पाणी आणि खोडवा याखेरीज दुसरे काही आपण वाचलेले नसेल. या अंकात मोटारसायकलीवर लिहितो आहोत. विषय शेतीबाहेरचा वाटेल, पण तो तसा नाही. आपल्याकडे विजेची पाळी बहुधा रात्रीची, नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन ठरल्या तासांचे, आणि मळा गावठाणापासून दोन-तीन किलोमीटर लांब. रात्री दोनला गाडीने दगा दिला की पाण्याची पाळी गेली. मग पुढचे आवर्तन येईपर्यंत ऊस तहानलेला. तोडणी चालू असताना आमच्या चिटबॉयची गाडी बंद पडली, तर टोळी फडात बसून राहते. घरात कोणी आजारी असेल आणि पिंपळीहून बारामती गाठायची असेल, तर काय होते ते सांगायला नकोच.

दुसरे कारण पैशाचे. गाडी ढकलत गॅरेजला न्यायची, मेस्त्रीने प्लग बदलायचा, नाही झाली तर कॉइल, तरी नाही तर कार्बोरेटर, आणि शेवटी तारेचा एक सैल जोड सापडायचा! असे प्रकार आम्ही गटागटांत पाहतो. ऊस पिवळा पडला की लगेच युरियाचे पोते फोडू नका, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी. कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली, म्हणजे केवडा आला, तर आपल्या चुनखडीच्या रानात लोह कमी. लक्षण बघायचे आणि मग औषध. गाडीचेही तेच आहे.

इंजिन फिरते आहे पण सुरू होत नाही, एवढीच तक्रार इथे धरली आहे. सेल्फ दाबल्यावर नुसते ‘टक्’ वाजत असेल, तर तो बॅटरीचा प्रश्न, तो वेगळा. इंजिन चांगले फिरत असेल, तर त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: हवेत मिसळलेले पेट्रोल, ते दाबून धरणारे कॉम्प्रेशन, आणि वेळेवर ठिणगी. तिन्ही असल्या की इंजिन सुरू व्हायलाच पाहिजे. यांतली कोणती नाही ते शोधायचे.

पाना हातात घेण्याआधी दोन मिनिटे शांतपणे गाडीकडे बघा. लाल रंगाचा किल स्विच चुकून बंद झालेला नाही ना? शेतातून येताना पिशवी अडकून किंवा पोराच्या हाताने तो बंद होतो, आणि मग शहाणी माणसे अर्धा तास किक मारत बसतात. बऱ्याच नव्या गाड्या साइड स्टँड खाली असला तर सुरूच होत नाहीत. कॉक असलेली गाडी असेल तर तो चालूवर आहे का, रिझर्व्हवर टाकून बघितला का? टाकीत पेट्रोल आहे का? काट्यावर विश्वास ठेवू नका, गाडी हलवून आवाज ऐका. रात्री टाकीत डोकवायला काडी पेटवणारे लोक अजून आहेत, त्यांना हात जोडून विनंती: मोबाइलची बॅटरी वापरा. पाचटावर गाडी उभी करून पेट्रोलचे काम करू नका, गाडी आधी मोकळ्या जमिनीवर घ्या.

गाडी बांधावरून घसरून आडवी झाली असेल, तर इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत इंजिन आपोआप बंद करणारी व्यवस्था असते. गाडी सरळ करा, चावी पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. काही वेळा एवढ्यानेच काम भागते.

आता ठिणगी. प्लग पान्याने प्लग काढा. काढण्याआधी भोवतीची माती फुंकून टाका, नाही तर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. प्लगचे तोंड नीट पाहा, ते बरेच काही सांगते. फिकट तपकिरी असेल तर इंजिनची तब्येत चांगली. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी: चोक ओढलेला राहिला, किंवा एअर फिल्टर धुळीने भरला. तेलकट काळा असेल तर रिंगांतून तेल वर येते आहे. पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे पण पेटत नाही. बराच वेळ किक मारूनही प्लग कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोल पोहोचतच नाही. नुसत्या या एका पाहणीने निम्मी शोधाशोध वाचते.

प्लगला टोपी लावा आणि प्लगचे धातूचे अंग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा. प्लगच्या छिद्रापासून तो दूर धरा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. हाताने न धरता रबरी मुठीच्या पकडीने धरा, झटका जोराचा असतो. सावलीत दुसऱ्याला किक मारायला सांगा. निळसर, कडकडीत ठिणगी पडली तर बरे. पिवळी, मरतुकडी असेल किंवा पडतच नसेल, तर आधी दुसरा प्लग लावून बघा. तरीही नाही, तर टोपी फिरवून काढा, तार दोन-तीन मिलिमीटर कापून पुन्हा बसवा. टोपी तारेवरून हवेत लटकत ठेवून सेल्फ मारू नका, त्याने इग्निशनचे यंत्र जळू शकते. प्लगची फट बहुतेक चार-स्ट्रोक गाड्यांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच खरा मानावा. जुन्या राजदूत-येझदीवाल्यांनी काँटॅक्ट पॉइंट पाहावेत. त्यावर काळा थर असतो, तो बारीक पॉलिश पेपरने साफ करून कोरड्या फडक्याने पुसावा.

ठिणगी का जाते, याचे आपल्या भागातले कारण शहरातल्यापेक्षा थोडे वेगळे आहे. आपण गाडीवरून खताची पोती वाहतो, फवारणीचा पंप पाठीला असतो. खताचा खार तारांच्या जोडांवर बसतो, आणि ओल लागली की जोड हिरवे पडतात. दसऱ्याला गाडी पूजेसाठी पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुतात. पिंपळीच्या एका सभासदाची गाडी गेल्या वर्षी अशीच पूजेच्या दिवशी हार घालून उभी राहिली ती संध्याकाळपर्यंत उभीच! प्लगच्या टोपीत पाणी गेले होते. टोपी काढून कोरडी केली आणि तास-दीड तास उन्हात ठेवली, की गाडी पहिल्या किकला सुरू. गाडी जरूर धुवा, पण फवारा प्लगवर, स्विचवर आणि एअर फिल्टरच्या तोंडावर मारू नका.

आणखी एक लक्षण ओळखून ठेवावे. गाडी सकाळी थंड असताना चालू होते, पाच-सात किलोमीटर चालते, मग बंद पडते, आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होते. अशा वेळी कॉइल गरम होऊन ठिणगी सोडते आहे का, हे गाडी बंद पडल्या क्षणी तपासावे. थंड झाल्यावर तपासून काही सापडत नाही. ठिणगी ठीक असेल, तर टॅपेट फार घट्ट बसवलेले असू शकतात.

ठिणगी चांगली, प्लग मात्र कोरडा, असे असेल तर पेट्रोलच्या वाटेने जा. कार्बोरेटरच्या वाटीखाली एक स्क्रू असतो. तो सैल केला की नळीतून पेट्रोल यायला हवे. इंजिन गार असताना हे करा, आणि पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत धरा, जमिनीवर सांडू नका. धार येऊन लगेच थांबत असेल, तर टाकीचे झाकण उघडून बघा. झाकणाला हवा आत जाण्याचे बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले की टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण उघडताना ‘फुस्’ आवाज आला तर दोष तिथेच. गोठ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत कुंभारीण माशीने असल्या छिद्रात, कधी सायलेन्सरच्या तोंडातही, चिखलाचे घर केलेले सापडते. धार मुळीच येत नसेल तर कॉकची जाळी, नळी किंवा वाटीतली फ्लोटची सुई तुंबली समजावे. मेस्त्री लोक ‘कचरा आला’ म्हणतात तो हाच.

उलट प्लग पेट्रोलने चिंब असेल, म्हणजे गाडी ओव्हर झाली असेल, तर किक मारत राहणे व्यर्थ. कॉक बंद करा, चोक मागे ढकला, प्लग पुसून कोरडा करा. कोरडा प्लग लावल्यावर ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून सात-आठ किका मारा. आतले जादा पेट्रोल निघून जाते.

इंजेक्शनच्या गाडीला कॉक, चोक, कार्बोरेटर नसतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत इंजेक्शन आले. या गाडीत चावी चालू केली, किल स्विच चालू ठेवला, की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. गाडीजवळ कान देऊन ऐका. आवाज नसेल तर फ्यूज आणि बॅटरीचे टर्मिनल पाहा. इंजिनचा पिवळा दिवा सुरू राहत असेल तर तपासणीचे यंत्र असलेला मेस्त्रीच हवा. बॅटरी उतरली असेल तर किक असूनही अशी गाडी सुरू होईलच असे नाही, कारण पंपाला आणि संगणकाला वीज लागते. पेट्रोलची नळी स्वतः सोडू नका, तिच्यात दाब असतो. टाकी कोरडी पडेपर्यंत गाडी पळवू नका, त्या पंपाला पेट्रोलच थंड ठेवते.

कॉम्प्रेशनची साधी खूण अशी: प्लग काढून छिद्रावर अंगठा घट्ट दाबा, किक मारा. अंगठा उडाला पाहिजे. यासाठी प्लगला टोपी लावून तो इंजिनला टेकवून, छिद्रापासून दूर ठेवायचा, हे विसरू नका. जोर नसेल तर वॉल्व्ह किंवा रिंग. ते घरचे काम नाही.

आता सभासद आम्हाला नेहमी विचारतात तो प्रश्न. ‘‘साहेब, आपलंच इथेनॉल पेट्रोलात जातं, आणि त्यानंच गाड्या बंद पडतात म्हणतात. खरं का?’’ प्रश्न आपल्या पोटाचा आहे. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल होते, मळीपासूनही होते, आणि उसाच्या दराचा त्याच्याशी संबंध आहे. म्हणून उत्तर दोन्ही बाजूंनी खरे द्यायला हवे. देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के मिश्रण २०२२ मध्ये आणि २० टक्के २०२५ मध्ये गाठले गेले.

इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणून ॲव्हरेज थोडे कमी होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात अशा मिश्रणासाठी मुळात न बनवलेल्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट सांगितली आहे. इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, त्यामुळे थंडीतल्या पहाटे जुनी गाडी जरा हट्ट करते. जुन्या गाड्यांचे रबर त्याने फुगते किंवा कडक होते, आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज-चिकटा सुटून खाली येतो व जेटमध्ये अडकतो. हे खरे दोष आहेत.

पण सगळ्यात मोठा शत्रू पाणी आहे. नुसत्या पेट्रोलात पाणी मिसळत नाही. इथेनॉल मात्र थोडे पाणी ओढून धरते. १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल लिटरमागे सुमारे ५ मिलिलिटर पाणी पचवते, २० टक्क्यांचे त्याहून थोडे जास्त. ती मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉलला बरोबर घेऊन तळाशी बसते. नळी तर टाकीच्या तळाशीच असते! म्हणजे इंजिनला पहिला घोट मिळतो तो याच पाण्याचा. पावसाळ्यात झाकणाचे रबर फाटलेले असेल, किंवा टपरीवरचे बाटलीतले पेट्रोल घातले असेल, तर हे होते.

ओळखायची रीत सोपी आहे. गाडीतले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, उन्हापासून व विस्तवापासून दूर पंधरा-वीस मिनिटे ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल कामाचे नाही, टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल. हलवून पुन्हा एक करण्याचा खटाटोप करू नका, ते टिकत नाही. मिश्रण किती टक्के आहे याचा अंदाजही काढता येतो: १०० मिलिलिटर पेट्रोलात १० मिलिलिटर पाणी घालून हलवले, की खालचा थर दहाचा न राहता २० टक्के मिश्रणात तीसच्या आसपास जातो. वाढ झाली ती इथेनॉलची.

म्हणून हंगाम संपल्यावर गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा. टाकी अर्धवट ठेवू नका, पूर्ण भरा किंवा पूर्ण काढा. झाकणाचे रबर दरवर्षी पाहा. जुन्या गाडीच्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या. स्पंजाचा एअर फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, थोडे इंजिन तेल लावून पिळून बसवा. कागदी फिल्टर मात्र धुऊ नका, बदला.

गॅरेजला जायची वेळ आलीच, तर मेस्त्रीला ‘‘गाडी चालू होत नाही, बघा’’ एवढेच सांगू नका. ‘‘ठिणगी निळी आहे, वाटीत पेट्रोल येते, प्लग कोरडा राहतो’’ असे सांगा. आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्या. सीटखाली एक जादा प्लग, प्लग पाना, छोटी पकड, फ्यूज आणि कोरडे फडके एवढे ठेवायला जागा कुठल्याही गाडीत असते.